वाऱ्याने नेलेली पस्तीस मिनिटं

४ डिसेंबर

चि. धाकटी,

आशीर्वाद नंतर. आधी तक्रार.

तुझं पत्र परवा मिळालं. ते तू तुमच्या कचेरीतल्या शिळ्या नकाशाच्या पाठीवर लिहिलं आहेस. कागद वाचवणं हा सद्गुण आहे, मान्य. पण त्या नकाशावर वाऱ्याचे बाण आहेत आणि ते पलीकडून उमटतात. ‘प्रिय दादा’ या दोन शब्दांतून तीन बाण आरपार गेले आहेत. नानांच्या गुडघ्यांची चौकशी केली आहेस तिथे तर चक्क वादळ घोंघावतंय. एकोणतीस वर्षं मुलांच्या व्याकरणाच्या वह्या तपासतो आहे, पण इतकं घायाळ अक्षर माझ्या पाहण्यात नाही. यापुढे कोऱ्या कागदावर लिहावंस ही विनंती. विनंती मान्य नसेल तर हुकूम समज.

आता मुद्दा. फेब्रुवारीपासून तीन महिने नानांना तुझ्याकडे पाठवावं, असं तुझं म्हणणं. ‘अवघे साडेपाच तास रे दादा, बसले की पोचले.’ मी मास्तर माणूस, छापील पुराव्याशिवाय पुढे सरकत नाही. चौकातल्या तिकीटवाल्याकडून वेळापत्रक आणलं. विमान इथून सकाळी नऊला निघतं आणि तुझ्या गावी संध्याकाळी पाचला उतरतं. नऊ ते पाच किती होतात ते बोटांवर मोज. आठ होतात. परतीचं विमान तिकडून सकाळी दहाला निघून इथे दुपारी दोन वाजून दहा मिनिटांनी टेकतं, म्हणजे चार तास दहा मिनिटं. जाताना आठ आणि येताना चार. जाताना तुम्ही लोक विमान घाट चढवून नेता की काय?

जेवताना मी नानांना एवढंच सांगितलं, की आठ तास लागतात. परतीचं बोललो नाही, उगाच गोंधळ नको. एकोणऐंशी वर्षांच्या माणसाने आठ तास एका खुर्चीत बसायचं म्हणजे काय. घड्याळांच्या दुकानातल्या स्टुलावर ते दहा तास बसतात, असं तू म्हणशील. पण ते स्टूल त्यांना ओळखतं.

नानांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, “वेळापत्रक कुठाय?” मी म्हटलं, हरवलं. ते माझ्या उशीखाली आहे.

तुझा,
दादा


१६ डिसेंबर

ती. दादा,

नमस्कार. तक्रार पोचली. हा कागद दोन्ही बाजूंनी कोरा आहे, उजेडाला धरून खात्री करून घे.

मी काय काम करते ते तुला दर दोन वर्षांनी नव्याने सांगावं लागतं. एक खोली आहे, तिला खिडकी नाही. तीन पडदे, एक टेलिफोन आणि एक गार झालेला चहा. तिथे बसून मी रोज चौदा विमानांना रस्ता आखून देते. कुठल्या उंचीवरून जायचं, कुठे वळायचं, इंधन किती घ्यायचं. माझ्या कागदावर वैमानिक सही करतो, मग उडतो. आणि माझा सख्खा भाऊ मला नऊ ते पाच बोटांवर मोजायला सांगतो.

अरे, तुझे नऊ तुझ्या घड्याळातले आणि माझे पाच माझ्या घड्याळातले. इथलं घड्याळ तुमच्या अडीच तास पुढे असतं. विमान इथे पाचला उतरतं तेव्हा तुमच्याकडे अडीच वाजलेले असतात. नऊ ते अडीच, साडेपाच तास. परत निघताना इथे दहा म्हणजे तुमच्याकडे साडेसात. तिथून दोन-दहापर्यंत सहा तास चाळीस मिनिटं. येताना जास्त लागतात, कारण हिवाळ्यात वरचा वारा तुमच्याकडून आमच्याकडे जोरात वाहतो. जाताना तो पाठीवर हात ठेवतो, येताना छातीवर. सरळ अंतर दोन्ही वेळी तेवढंच, चार हजार तीनशे किलोमीटर.

तुझ्या पत्राने हेच अंतर अकरा दिवसांत कापलं. मी काढून बघितलं, ताशी सोळा किलोमीटर पडतात. म्हणजे कुणीतरी ते सायकलवरून आणून दिलं, आणि बिचारा वाटेत जेवायलाही थांबला नाही.

दादा, थट्टा पुरे. मी या घरात राहायला येऊन नऊ वर्षं झाली. नाना एकदाही आलेले नाहीत. आई होती तेव्हा ‘दुकान कोण बघेल’. आई गेल्यावर ‘मास्तरांच्या जेवणाचं कोण बघेल’. नाना मनात आणतील तर येतील, आणि आता नाही आले तर कधीच येणार नाहीत, हे तुलाही कळतं. माझं स्वयंपाकघर कुठल्या बाजूला आहे हे माझ्या बापाला माहीत नाही, याचं मला वाईट वाटतं.

हे पत्र नानांना वाचून दाखव. सगळं. गाळून नाही.

धाकटी


२९ डिसेंबर

चि. धाकटी,

अनेक आशीर्वाद. इकडे एक विपरीत घडलं आहे आणि त्याचं पाप अर्धं तुझ्या माथी.

तुझं पत्र यायच्या आधीच वेळापत्रक नानांना सापडलं. त्यांनी उशा उन्हात टाकायला काढल्या होत्या. मी शाळेतून आलो तर ते दुकानात, डोळ्याला भिंग लावलेलं, आणि भिंगाखाली घड्याळ नाही, वेळापत्रक.

“मास्तर,” ते म्हणाले. रागावले की ते मला मास्तर म्हणतात, आणि नसले रागावले तरीही, त्यामुळे काही अंदाज लागत नाही. “परतीचे चार तास दहा मिनिटं तुम्ही कुठे ठेवलेत?”

“विसरलो सांगायला.”

“हं. जाताना आठ, येताना चार-दहा. विमान एकच, वाट एकच. म्हणजे विमानात बिघाड नाही. दोन गावची घड्याळं जुळत नाहीत. धाकटीचं पुढे आहे.”

“किती पुढे?”

त्यांनी दुकानाची पावती उलटी केली. “पुढे असलं की जाताना तेवढं वाढलेलं दिसणार, येताना तेवढंच कमी झालेलं दिसणार. आठातून चार-दहा गेले, उरले तीन-पन्नास. त्याचं निम्मं. एक तास पंचावन्न मिनिटं.”

दुसऱ्या दिवशी तुझं पत्र आलं. मी वाचून दाखवलं. तू लिहिलंस अडीच तास. नानांनी भिंग काढून टेबलावर ठेवलं. पस्तीस मिनिटांचा फरक. या माणसाने कुठल्याही घड्याळाला आठवड्याला पस्तीस सेकंद माफ केलेली नाहीत. त्यांचा नियम तुला माहीत आहे. दुरुस्त झालेलं घड्याळ आठ दिवस मोठ्या घड्याळाशेजारी खिळ्याला टांगायचं, रोज सकाळी वहीत नोंद करायची, मगच गिऱ्हाइकाच्या हातात. एकदा एकजण काकुळतीला आला होता, “उद्या माझं लग्न आहे हो, थांबता येणार नाही.” नाना म्हणाले, “या घड्याळालाही थांबता येऊ नये, म्हणूनच ठेवून घेतोय.” तो मांडवात रिकाम्या मनगटाने उभा राहिला.

तर पस्तीस मिनिटं. मी वाऱ्याचा परिच्छेद पुन्हा वाचला. जरा पुटपुटतच वाचला, पण त्यांनी ऐकलाच.

“चूक माझी,” नाना म्हणाले. “मी दोन्ही फेऱ्या सारख्या धरल्या. वारा धरलाच नाही.” मग बराच वेळ पावतीवर आकडे. “वारा नसता तर सहा तास लागले असते, असं दिसतं. म्हणजे हा जाताना अर्धा तास देतो आणि येताना चाळीस मिनिटं घेतो.”

“सारखं का नाही?”

“जाताना प्रवास लवकर संपतो, मग मदतही थोडाच वेळ मिळते. येताना लांबतो, मग तोंडावरचा वाराही जास्त वेळ खावा लागतो. कळलं का मास्तर?”

मला कळलं, आणि मी त्यावर तिथल्या तिथे अर्धा श्लोक रचला:

वायुर्ददाति यत्किञ्चित् प्रत्याहरति चाधिकम्।

वारा देतो ते थोडंसं, परत घेतो ते जास्त. कुठल्या जुन्या पोथीत शोधू नकोस, माझाच आहे. उरलेला अर्धा सुचला की कळवीन.

नानांना श्लोकाचं काही नाही. ते म्हणाले, “हे स्वतः बघायला हवं.” आणि उठून कपाटातून दोन खिशातली घड्याळं काढली. एक इथल्या वेळेवर लावलं, दुसरं तुझ्या. दोन्ही खिळ्यांना टांगली आहेत, आठ दिवसांची नोंद सोमवारपासून सुरू.

शाळेतला पृथ्वीचा गोल मी घरी आणला होता, त्यांना अंतर बघून धडकी भरावी म्हणून. त्यांनी गोलावर हात ठेवला. आपल्या गावावर करंगळी आली आणि तुझ्यावर अंगठा. बोटं पसरावीसुद्धा लागली नाहीत. “एवढंच?” म्हणाले.

मी गुडघ्यांची आठवण करून दिली. विमानात कानाचे दडे बसतात हे सांगितलं. ते म्हणाले, “बरं की. आत्ता बसले असते तर तुमचं ऐकायला लागलं नसतं.” मी म्हटलं, शौचालय अरुंद असतं. म्हणाले, “आपलं काय रुंद आहे?” शेवटी म्हटलं, इतक्या उंचीवर घड्याळातलं तेल गोठतं. यावर ते जे हसले ते अजून मधूनमधून हसतात.

मी त्यांना घाबरवायला गेलो आणि काम देऊन बसलो. पण तू नीट विचार कर. वय, गुडघे, परका मुलूख, परकी भाषा. माझं म्हणणं एवढंच, की घाई नको.

दादा


१० जानेवारी

ती. दादा,

नमस्कार. तिकीट काढलं. आठ फेब्रुवारीला येणं, आठ मेला परतणं.

तुझ्या आक्षेपांचं निवारण करून टाकते. गुडघे: दारापासून विमानापर्यंत चाकाची खुर्ची. शौचालय: त्याच्या जवळची, वाटेच्या कडेची जागा. कान: गोळी चघळायची. तेल: नाना दोन्ही घड्याळं पोटाशी घेऊन बसणार आहेत, त्यांच्या पोटाशी आजवर काही गोठलेलं मला माहीत नाही. आणि त्या दिवशी ड्यूटी मी मागून घेतली आहे. नानांच्या विमानाचा रस्ता मी स्वतः आखणार. आणखी काय हवं तुला?

भाषेचं म्हणशील तर, नानांना गिऱ्हाइकाशी बोलताना मी फक्त तीन वाक्यं ऐकली आहेत. ‘काय होतंय?’, ‘आठ दिवसांनी या’ आणि ‘पाडलं होतंत का?’ तेवढं हाताने सांगता येतं.

एक विचारते, रागावू नकोस. फोनवर नाना म्हणाले की तू त्यांची बॅग दोनदा भरलीस आणि दोनदा उपसलीस. पहिल्या खेपेला म्हणे ‘ऊन देण्यासाठी’. दादा, हे सगळं नानांच्या गुडघ्यांबद्दलच आहे ना? तुझ्याबद्दल काही असेल तर तेही लिही. मला तुझ्या गुडघ्यांचीही काळजी आहे.

तूही ये ना. महिनाभर तरी.

धाकटी


२२ जानेवारी

चि. धाकटी,

आशीर्वाद. मला येणं शक्य नाही. मार्चमध्ये वार्षिक परीक्षा, एप्रिलमध्ये पेपर तपासणं. माझे गुडघे उत्तम आहेत. बॅगेला खरोखर कुबट वास येत होता.

सोबत नानांनी तुला काही लिहिलं आहे. नेहमीप्रमाणे दुकानाच्या पावतीवर, आणि पाकीट डकवून माझ्या हातात दिलं आहे. मी वाचलेलं नाही. उजेडाला धरून पाहिलं, पण कागद जाड आहे.

दादा

(पाकिटातली पावती)

वस्तू: मुलगा. वय त्रेपन्न.
तक्रार: काटे बरोबर, ठोके भलतेच.
तपासणी: अडीच तासांचा फरक याला पहिल्यापासून माहीत आहे. तुला फोन करायचा तर आधी घड्याळात बघून अडीच तास मिळवतो. नऊ वर्षांत एकदाही तुला झोपेतून उठवलेलं नाही. माझ्याच भिंतीखाली उभा राहून मिळवतो, मी बघतो.
दोष: सापडला आहे. उघडणार नाही. आपणहून बोलेल.
मुदत: तीन महिने.
शेरा: आठ तारखेला येतो. घड्याळं तपासली. एक दिवसाला दोन सेकंद पुढे जातं. चालेल. त्याला यातलं काही कळवू नकोस. तुझं स्वयंपाकघर कुठल्या बाजूला आहे?


१२ फेब्रुवारी

ती. दादा,

नाना सुखरूप पोचले हे फोनवर सांगितलंच, पण फोनवर तू ‘बरं, बरं’ म्हणून ठेवून दिलास, म्हणून सगळं लिहिते.

जागेवरून हलल्यापासून जागेवर थांबेपर्यंत पाच तास सव्वीस मिनिटं. चाकं सुटल्यापासून टेकेपर्यंत चार तास अठ्ठावन्न. हे माझं नाही, नानांच्या वहीतलं. माझ्या कागदावर चाकं सुटल्यापासूनचा अंदाज होता पाच तास एक मिनिट. हा आकडा त्यांनी विमानातल्या मुलीकरवी वैमानिकाकडून मागवून घेतला. ‘माझ्या मुलीने काढलाय, बघू द्या’ असं सांगून. मी दारात उभी, नऊ वर्षांनी बाप माझ्या गावात आलेला, माझे डोळे भरलेले, आणि चाकाच्या खुर्चीतून पहिलं वाक्य काय आलं?

“तीन मिनिटं कुठे गेली?”

म्हटलं, “नाना, वारा मी धरला होता त्याहून जरा जास्त निघाला.”

“मग जरा जास्त धरायचा,” म्हणाले. आणि मग माझ्या डोक्यावर हात ठेवला.

घरी आल्यावर चहाच्या आधी स्वयंपाकघर पाहिलं. तिथलं भिंतीवरचं घड्याळ सहा मिनिटं मागे होतं, ते उतरवलं. दुसऱ्या दिवशी खालच्या मजल्यावरच्या पियानो शिकवणाऱ्या बाई साखर परत करायला आल्या. त्यांनी टेबलावर उघडलेलं घड्याळ पाहिलं, खाली गेल्या आणि आपलं जुनं, ठोक्यांचं, गाठोड्यात बांधून घेऊन आल्या. यांना त्यांची भाषा येत नाही, त्यांना यांची. नानांनी आठ बोटं दाखवली. बाईंनी मान हलवली. कालपर्यंत इमारतीतून अकरा घड्याळं जमली आहेत. तुझ्या मेहुण्यांनी बैठकीच्या भिंतीत अकरा खिळे ठोकून दिले आणि आता त्यांना तिथे मोठ्याने बोलायची परवानगी नाही.

नानांचा चेहरा बघायला हवा होतास. मला वाटतं आई गेल्यापासून मी त्यांना असं पाहिलं नव्हतं. काल म्हणाले, “तीन महिने कमी पडतील की काय.” मला इतका आनंद झाला, दादा.

रोज रात्री जेवताना विचारतात, “मास्तर जेवला असेल का?” मग उजव्या खिशातलं घड्याळ काढतात, इथल्या नऊला तुमचे साडेसहा बघतात, आणि स्वतःच उत्तर देतात, “एवढ्यात कुठला.”

धाकटी


२४ फेब्रुवारी

चि. धाकटी,

आशीर्वाद.

तुझं पत्र बारा दिवसांनी आलं. सायकलवाला दमत चालला आहे.

नानांनी सांगितल्याप्रमाणे शाळा सुटल्यावर तासभर दुकान उघडतो. भिंतीवरच्या घड्याळांना चावी देतो. मोठ्याला सात फेरे, लहानाला पाच, आणि गोल काचेच्याला किती ते विसरलो म्हणून हाताला लागेल तितके. दोन आठवड्यांत तीन गिऱ्हाइकं आली. दोघांना बॅटरी हवी होती. तिसऱ्याला दवाखान्याचा पत्ता हवा होता, तो मी अन्वयासह सांगितला. तो निम्म्यात निघून गेला.

इथे चार ओळी खोडलेल्या दिसतील. त्यात विनोद होता. वाचण्याचा प्रयत्न करू नकोस, बरा नव्हता.

अकरा घड्याळांचं वाचून मी नानांची वही काढली आणि गेल्या वर्षात इथे चावीची घड्याळं किती आली ते मोजलं. सात. वर्षभरात सात आणि तुझ्याकडे चार दिवसांत अकरा. ते दिवसभर त्या स्टुलावर बसायचे तेव्हा मला वाटायचं की दुकान चालू आहे. ते नुसते बसत होते. मी रोज संध्याकाळी दाराशी चप्पल काढत विचारायचो, “आज काय आलं?” आणि ते म्हणायचे, “बरंच.”

परवा थोडा ताप होता. काळजीचं काही नाही, उतरला. पण दुपारी जाग आली तेव्हा मी पाणी मागितलं. मोठ्याने मागितलं. मग उठून घेतलं.

तू विचारलं होतंस ते मी टाळलं. आता लिहितो. नानांचे गुडघे माझ्या गुडघ्यांपेक्षा बरे आहेत. विमानाची मला भीती नव्हती, त्याचा रस्ता तू आखणार हे कळल्यावर तर मुळीच नव्हती. नाना तिकडे गेले की त्यांना आवडेल, हे मला तू पहिल्यांदा लिहिलंस त्याच दिवशी दिसलं होतं. आवडलं. आवडावंच, तुझं घर आहे. त्यांनी तिथे राहायचं ठरवलं तर मी एक शब्द बोलणार नाही, कारण इथे परत ये म्हणायला माझ्याकडे एकही चांगलं कारण नाही.

पण ते परत येणार नाहीत असं मला वाटतं, आणि मला या घरात एकट्याने राहायची भीती वाटते.

हे त्यांना वाचून दाखवायचं की नाही, तू ठरव.

दादा